वानवळ्याखालचं लोखंड

डुक्कर उजाडताच पडलं, आणि साडेनऊ वाजेपर्यंत बोद्रोगींच्या घरातल्या प्रत्येकाचं प्रत्येकाशी एकेकदा बिनसून झालं होतं. तसा तो दरवर्षीचा रिवाजच. वेंडेलने सुरी फार वर लावली, असं म्हातारा अंब्रुश म्हणाला. चाळिशी आली तरी सुरी कुठे लावायची ते बापानेच सांगायचं का, असं वेंडेलने विचारलं. आणि वेंडेलची बायको तेरेझ, तिला कोणी काही विचारलेलं नसताना म्हणाली की निदान वेंडेल सुरी धरतो तरी, काहीजण घरी येतात आणि नुसती शेपटी धरतात.

हा टोला धाकट्या दिरासाठी होता. कालमानने तो हसण्यावारी नेला आणि शेपटी सोडून दिली. तो लेफ्टनंट होता, पण हे मोठ्याने म्हणायचं नसे. महायुद्ध हरल्यावर झालेल्या तहाने हंगेरीच्या सैन्याला पस्तीस हजारांची वेसण घातली होती, त्यामुळे कागदोपत्री कालमान शेक्सार्द शहरात जकातनाक्यावरचा निरीक्षक होता. त्याची पलटण सकाळी जकातीचा शिक्का मारायची आणि दुपारी सायकलींवर पुठ्ठ्याच्या चौकटी बांधून त्यांना रणगाडे समजायची. विमानं उडवणारा त्याचा एक मित्र हवामान खात्यात होता. पाऊस कधी येणार हे त्याला सोडून सगळ्यांना कळायचं.

कालमानची बायको गिझेला हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. कडेवर सव्वा वर्षाची मारिश्का, आणि नजर एकाच वेळी चार ठिकाणी: उकळती कढई, वेंडेलच्या सुऱ्या, अंगणातला बर्फ आणि धुराड्याचं दार. तिचं हे बघणं घरात सगळ्यांना माहीत होतं. 'आमची सूनबाई कॉलेजात डोळ्यांचीच परीक्षा पास झाली,' असं सासरा म्हणायचा.

बघायला तसं पुष्कळ होतं. कढई ज्या तिवईवर उकळत होती तिला तीन बळकट पाय होते आणि वर पितळी खाचांचा एक गोल. असली तिवई गावातल्या कुठल्याच लोहाराने कधी केलेली नव्हती. वेंडेलच्या कमरेला जाड कापडाचा लांबच लांब पट्टा तीन वेढे घालून बांधलेला होता. त्यावर ओळीने शिवलेली बारीक घरं, आणि प्रत्येक घरात सॉसेजचं तोंड बंद करायची एकेक लाकडी काडी. काड्या त्या घरांत अशा चपखल बसायच्या की जणू त्यांच्यासाठीच ती शिवली असावीत. ती शिवली होती मशीनगनच्या गोळ्यांसाठी. तिवईही मशीनगनचीच. आणि खुद्द मशीनगन धुराड्यात मागच्या आकड्याला, चरबी चोपडून, गोणपाटात गुंडाळून, डुकराच्या मांड्यांच्या रांगेत टांगलेली होती. लग्नानंतर दोन हिवाळे गिझेला बघत होती की पुढच्या सगळ्या मांड्या संपतात, मागची एक मात्र कोणी कापत नाही.

तिने त्यावर काही म्हटलं नव्हतं. मग मागच्या ऑक्टोबरात इथेच मारिश्का पलंगाखालून रांगत बाहेर आली तेव्हा तिच्या गालात काहीतरी होतं. गिझेलाने बोट घालून काढलं. पितळी काडतूस, ओलं, गरम. अंब्रुश म्हणाला की ते मागून कोणी ठोकल्याशिवाय उडत नाही, आणि नातीला अजून दाढा कुठे आल्यात. पलंगाखालची काडतुसांची पेटी त्याच दिवशी वेंडेलने गुरांच्या हौदाखाली पुरली. सगळे हसले आणि विसरले. गिझेला विसरली नाही. तिला दुपारच्या झोपेतही ती गोळी दिसायची.

पंधरा दिवसांपूर्वी तिने एक पत्र लिहिलं. बुडापेश्टला जेत्या देशांच्या तपासणी मंडळाला, कॉलेजातल्या नन्सनी शिकवलेल्या नेटक्या फ्रेंचमध्ये, बिनसहीचं. सारकूत गाव, हिरव्या फाटकाचं घर, धुराडं. तिचा हिशोब साधा होता. सासऱ्याने महायुद्धातून आठवण म्हणून उचलून आणलेलं लोखंड. साहेब येतील, घेऊन जातील, म्हाताऱ्याला चार शब्द सुनावतील, आणि घरातून ती ब्याद जाईल.

पावणेदहाला गावच्या कारकुनाची मोलकरीण धापा टाकत फाटकातून आली. तिने निरोप सांगितला. तपासणी मंडळाची मोटार शेजारच्या गावात पोचली आहे. बरोबरच्या आपल्या कॅप्टनने साहेबांना तिथे कॉफीला बसवून ठेवलंय, पण कॉफी किती पिणार. आणि साहेब हिरव्या फाटकाचं घर कुठलं म्हणून विचारतायत. एवढं सांगून तिने दोन चमचे गरम चरबीचा चुरा पावावर घेतला आणि खातच निघून गेली.

गिझेलाला आधी बरंच वाटलं. मग तिने नवऱ्याचा चेहरा बघितला.

कालमान कढईजवळच्या ओंडक्यावर बसला होता. तो हळू आवाजात म्हणाला, "ती बाबांची नाही. सैन्याची आहे. एकवीस साली मीच आणली बरॅकमधून, घराघरांत वाटत होते तेव्हा. कागदावर माझी सही आहे."

"मग?" वेंडेलने विचारलं.

"मग सापडली तर सैन्य म्हणणार, आम्हाला माहीत नाही, या माणसाने चोरली. त्यांना तसंच म्हणावं लागेल. पाच वर्षं तुरुंग."

मारिश्काने आईच्या कानातलं ओढलं. गिझेलाला ते कळलंही नाही. पाच वर्षांनी मारिश्का शाळेत जात असेल. तिला वाटलं आत्ताच सांगून टाकावं, आणि तोंड उघडलंही. पण तेवढ्यात तेरेझ सुरू झाली होती.

तेरेझचं म्हणणं असं की ज्यांना गणवेश मिळाला त्यांनी गणवेशाचं ओझं आपल्या घरी न्यावं. वेंडेलने तिचीच बाजू घेतली. कालमान शाळेत गेला तेव्हा नांगर कोणी धरला, आणि आता तुरुंगाची पाळी आली तर घर कोणाचं जाणार. अंब्रुशने काठी आपटून सांगितलं की महायुद्धात चार वर्षं असल्याच बंदुकीने त्याला जिवंत ठेवलं, तिला तो कुणा फ्रेंचाच्या हाती देणार नाही. सासूबाई, रोझालबाई, आपल्या कामात होत्या. त्या सॉसेजच्या भातात मिरपूड घालत होत्या.

पण हिरवं फाटक हा शब्द तेरेझच्या डोक्यात जरा उशिराच शिरला. ती थबकली. "म्हणजे कोणीतरी लिहून कळवलंय. आपल्या फाटकाचा रंगसुद्धा." आणि एका क्षणात ती दिराच्या बाजूची झाली. घरातली भांडणं घरात. बाहेरचा कोणी बोद्रोगींच्या घरात नाक खुपसतो म्हणजे काय. तो पलीकडचा पिंपवालाच असणार, त्याचं डुक्कर यंदा दीडशे किलोच भरलं. "ज्याने लिहिलं त्याचे हात झडोत," ती म्हणाली.

गिझेलाने हात एप्रनखाली घेतले.

नदीत टाकावी तर शियोच्या पुलावरूनच मोटार येणार. पुरावी तर जमीन हातभर गोठलेली. शेवटी अंब्रुश म्हणाला की धुराडंच बरं, ओल्या कणसांचा धूर करू, कोणी आत डोकं घालणार नाही.

"धुराड्यात नको," गिझेला म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. एरवी ती अशा बैठकीत बोलत नसे.

"का नको?" वेंडेल म्हणाला. "सहा वर्षं आहे तिथेच."

"म्हणूनच, भावोजी. ज्याने फाटक लिहिलं त्याने धुराडंही लिहिलं असेल." तिला आपला आवाज शाळेत फळ्यापाशी उभं असल्यासारखा ऐकू आला. "तिवई कढईखाली आहे, पट्टा तुमच्या कमरेला. सहा वर्षांत कोणाला दिसले? जे वापरात आहे ते दिसत नाही. बंदूकही वापरात पाहिजे."

"मशीनगन डुक्कर मारायच्या दिवशी कशी वापरतात, ते सांग बाई."

गिझेलाने अंगणात नजर फिरवली. भिंतीला लागून लांबलचक लाकडी काठवट होती, सकाळी जिच्यात डुक्कर खरवडलं होतं ती. आता तिच्यात धुवायची राहिलेली आतडी पडली होती, निळसर, वाफाळणारी. लग्नानंतरच्या पहिल्या डुकराच्या वेळी गिझेला त्या काठवटीजवळ बेशुद्ध पडली होती, आणि तेरेझ ती गोष्ट अजून लग्नाकार्यात सांगायची.

"त्याच्याखाली," गिझेला म्हणाली.

वेंडेलने तिच्याकडे बघितलं, मग बायकोकडे, आणि बाह्या वर केल्या. तेरेझने दुसरं टोक धरलं. बंदूक धुराड्यातून काढून काठवटीत ठेवायला आणि वरून आतडी पसरायला त्या दोघांना चार मिनिटंही लागली नाहीत. मघाशी ही ब्याद घराबाहेर काढा म्हणणारे हेच दोघे.

"खटका?" कालमानने विचारलं. बंदुकीचा खटका वेगळा ठेवायचा असा वरून हुकूम होता, आणि तो पहिल्यापासून आईच्या ताब्यात होता, पिसांच्या उशीत. "तो बाहेर जायला हवा. अगदीच वेळ आली तर पाण्यात टाकायचा. खटक्याशिवाय बंदूक म्हणजे नुसती नळी, कोणाला उपयोग नाही."

रोझालबाई हात पुसून आत गेल्या. परत आल्या तेव्हा हातात मोठं ताट होतं. तळाशी पिठाच्या गोणीच्या कापडात घट्ट बांधलेलं काहीतरी जड, त्यावर कोबीची पानं, त्यावर वाफाळती सॉसेजेस, भाताची आणि रक्ताची, कडेने चुरा आणि भाजलेल्या मांसाचे तुकडे. डुक्कर पडलं की नात्यागोत्यात आणि शेजारी वानवळा जातोच. त्या दिवशी गावात ताट घेऊन चाललेल्या बाईकडे कोणी वळून बघत नाही.

"पाद्रीबाबांकडे," त्या गिझेलाला म्हणाल्या. "खालचं गाठोडं उघडू नकोस, ग्रीस आहे, एप्रनला लागेल. पूल वाटेतच आहे."

मारिश्का आजीकडे गेली. ताट गिझेलाच्या हातात आलं तेव्हा मनगटं खाली ओढली गेली. ती फाटकापर्यंत पोचली आणि तेवढ्यात बाहेर मोटार थांबली.

फ्रेंच कॅप्टन ठेंगणा होता, थंडीने नाक लाल झालेला. त्याच्या हातात एक घडी घातलेला कागद होता. गिझेलाने कागद ओळखला. तिच्याच वहीचं पान. बरोबरचा हंगेरियन कॅप्टन खांबासारखा उंच आणि चेहऱ्याने अतिशय कंटाळलेला. दुभाष्या मोटार लागून आजारी पडला होता, त्यामुळे इथे कोणाला फ्रेंच येतं का, असं या लांबड्या कॅप्टनने विचारलं. आणि तेरेझ मोठ्या अभिमानाने म्हणाली की आमच्या जाऊबाईंना येतं, नन्सकडे शिकल्यात.

म्हणून गिझेला ताट घेऊन परत फिरली.

साहेब सरळ धुराड्याकडे गेला. अंब्रुशने बापड्या पाहुण्यासाठी ओली कणसं जरा जास्तच टाकली होती. दोन मिनिटांनी साहेब बाहेर आला तो डोळे पुसत, मिशीवर काजळी घेऊन. आत मांड्याच होत्या आणि मागचा एक आकडा रिकामा. आकडा रिकामा का, असं त्याने गिझेलामार्फत विचारलं. रोझालबाई म्हणाल्या, आज डुक्कर पडलंय, तो या मांडीसाठी. यात खोटं काही नव्हतं.

मग साहेबाने कढईकडे बघितलं. तिवई उत्तम आहे, म्हणाला. गिझेलाने भाषांतर केलं. अंब्रुशने अभिमानाने तोंड उघडलं, आणि वेंडेलने बापाच्या पायावर पाय दिला. मग साहेबाची नजर वेंडेलच्या कमरेवर गेली आणि तिथेच राहिली. वेंडेलने एक काडी काढली, हातातल्या सॉसेजचं तोंड पिरगळून बंद केलं, पुढची काढली. एकेक घर रिकामं होत गेलं.

"माझे दीर फार टापटिपीचे आहेत," गिझेला फ्रेंचमध्ये म्हणाली. आणि तिने जड ताट कमरेला टेकवलं.

साहेब हसला. आणि मग ज्याची कोणी कल्पनाही केली नव्हती ते झालं. त्याला काठवट दिसली. तो म्हणाला की त्याच्या गावी, डोंगरात, आईकडे दर जानेवारीला डुक्कर पडायचं, आणि आतडी धुणं हे त्याचं काम होतं. ती इतका वेळ न धुता ठेवू नयेत, वास लागतो. तो हातमोजे काढायला लागला.

गिझेलाने हे भाषांतर केलं नाही. करायची गरजच नव्हती. कालमान भिंतीला टेकला. तेरेझ डोळे मिटून पुटपुटत होती, ती बहुधा प्रार्थना असावी. साहेबाने एक हातमोजा खिशात घातला, बाही वर केली आणि काठवटीवर वाकला.

"आधी चव घ्या," गिझेला म्हणाली आणि ताट त्याच्या आणि काठवटीच्या मध्ये धरलं. "आमच्याकडे डुक्कर पडल्या दिवशी जो फाटकातून आत येतो त्याने काम करायचं नसतं, खायचं असतं. सासूबाईंचा अपमान होईल."

साहेबाला एका हाताने घेता आलं असतं. पण हुर्का, म्हणजे ते भाताचं सॉसेज, गरम होता, नाजूक होता, आणि आईच्या आठवणीने तो भुकेला झाला होता. त्याने हातातला कागद ओट्यावर ठेवला आणि दोन्ही हातांनी वरचा एक उचलला. खाल्ला. दुसऱ्याला हात घातला, आणि कोबीचं पान सरकून खालचं गोणीचं कापड दिसलं.

"तो पाद्रीबाबांचा आहे," रोझालबाई मागून म्हणाल्या. "त्यांच्यासाठी राहू द्या थोडा. तुम्हाला मी वेगळं बांधते."

गिझेलाने भाषांतर केलं. साहेबाने शाळकरी पोरासारखा हात मागे घेतला. रोझालबाईंनी त्याच्या हातात पालिंकाचा, घरच्या फळांच्या दारूचा, पेला दिला, लांबड्या कॅप्टनला एक, आणि रिकामी थाळी ओट्यावर त्या कागदाच्या वरच ठेवली.

जाताना साहेबाने काठवटीकडे एकदा वळून बघितलं. "मॅडम, त्या काठवटीत फार भार झालाय," तो गिझेलाला म्हणाला. "बूड फाटेल." आणि सॉसेजचं पुडकं काखेत मारून मोटारीत बसला. कागद त्याला आठवला नाही, किंवा आठवूनही आठवला नाही. गिझेलाने यावर नंतर पुष्कळ विचार केला, पण उत्तर काही मिळालं नाही.

मोटार वळणाआड गेली तशी गिझेला ताट घेऊन निघाली. साहेब परत येतील का, हे कोणाला ठाऊक. पुलावर कोणी नव्हतं. कठड्याखाली बायकांनी कपडे धुवायला बर्फात पाडलेलं भोक होतं, काळं पाणी हलत होतं. तिने सॉसेजेस बाजूला सारून गाठोडं काढलं. उघडून बघावं असं क्षणभर वाटलं, मग मारिश्काचा गाल आठवला. तिने ते भोकात सोडलं. डुबुक असा आवाज आला, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा तिचा श्वास पोटापर्यंत गेला. पाद्रीबाबांना एक हुर्का कमी मिळाला.

घरी येऊन तिने सांगितलं, खटका पाण्यात टाकला. कालमानने सगळ्यांसमोर तिचं डोकं छातीशी धरलं आणि म्हणाला की बरोबर हुकमाप्रमाणे केलंस, मी तसं कळवीन, कोणी एक शब्द बोलणार नाही. वेंडेलने तिला पालिंका दिली. तेरेझने तिच्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली की बेशुद्ध पडल्याची गोष्ट मी आता सांगणार नाही, नवी मिळाली. एकटा अंब्रुश खट्टू झाला. खटक्याशिवाय ती नळीच, तो दोनदा म्हणाला. मग नळी आतड्यांतून काढून, धुऊन, पुन्हा चरबी चोपडत बसला. तेवढं त्याचं त्याला राहू द्यावं असं सगळ्यांनाच वाटलं.

दुपारी शेक्सार्दला परत निघायच्या आधी रोझालबाईंनी गिझेलाला कोठीत बोलावलं. फळीवर पीचच्या मुरंब्याच्या बरण्या होत्या, मागच्या सप्टेंबरात गिझेलानेच भरलेल्या, चिठ्ठ्याही तिच्याच हाताच्या. बरण्यांशेजारी तो वहीचा कागद उलगडून ठेवलेला होता.

"मला फ्रेंच येत नाही," रोझालबाई म्हणाल्या. "अक्षर येतं."

गिझेलाने बरणीवरच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. शेवटी म्हणाली, "आई, तिच्या तोंडात होती ती."

"माहीत आहे मला. मी पण तिथेच होते." त्यांनी कागद घेतला आणि त्यात गरम चुऱ्याचे चार चमचे घालून पुडी बांधायला घेतली. शाई तेलात विरघळून निळी झाली. "कालमान एकवीस साली ते धूड घेऊन आला तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचा होता. तो आणि त्याचा बाप रात्रभर ते जोडत आणि सोडवत बसायचे, हसत. खटका माझ्याकडे दिला जपायला. मी त्याच आठवड्यात शियोत टाकला. त्याच पुलावरून."

"मग मी आज काय टाकलं?"

"माझ्या इस्त्रीतला ठोकळा. चुलीत तापवून आत घालतात तो. सहा वर्षं मी विचार करत होते, एक दिवस कोणी खटका मागितला तर काय सांगू. आज सांगायला मिळालं. सगळ्यांदेखत तू घेऊन गेलीस, तू टाकलास." त्यांनी पुडीला गाठ मारली आणि सुनेच्या हातात ठेवली. ती अजून गरम होती. "मला विचारलं असतंस तर टपालाचा खर्च वाचला असता."

अंगणात तेरेझ मारिश्काला खेळवत होती, आणि म्हातारा नळी पुसता पुसता गुणगुणत होता. गिझेलाला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी. दोन्ही लपवायला तिने पुडीचा वास घेतला.

"शेक्सार्दला गेलीस की बाजारातून इस्त्रीचा ठोकळा आण," रोझालबाई दार उघडत म्हणाल्या. "मधल्या आकाराचा. रविवारी चर्चला जायचंय, आणि तुझ्या सासऱ्याचा सदरा चुरगळलाय."